अडकित्ता थांबेल ती ओळ

परळीहून फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सोजरमावशीची सून बोलत होती. सासूला ती आत्या म्हणायची. "मावशी, आत्या गेल्या... गाडी घेऊन निघतोय आम्ही," एवढंच म्हणाली. शेंगांची पाटी तशीच ठेवून मी शेजारच्या घराचं कुलूप काढलं. किल्ली माझ्यापाशीच होती. ओटा झाडला, सडा टाकला, आणि मग करायला काही उरलं नाही म्हणून पुन्हा एकदा झाडला. ऊन कलायच्या आत गाडी आली. मावशीला ओट्यावर निजवलं, बायका भोवती बसल्या, आणि सगळ्या गप्प. आमच्याकडे मयतीला बायका बोलून रडतात. म्हणजे नुसते हुंदके नाहीत, गेलेल्या माणसाला हाक मारायची, त्याच्या आठवणी सांगायच्या, त्याच्याशी भांडायचंसुद्धा, आणि हे सगळं हेल काढून. एकीनं सुरुवात केली की बाकीच्यांच्या डोळ्यांना वाट मिळते. आमच्या गावात ती सुरुवात करायची सोजरमावशी. आणि आता तीच खाली निजलेली. बायका सवयीनं तिच्याच तोंडाकडे बघत होत्या. कुणीतरी मला कोपरानं ढोसलं, "मंगल, तू तर तिच्या हाताखालची. बोल की गं काहीतरी." मी मान हलवली. "ही कवा बोललीय आजपतूर," दुसरी म्हणाली. ते खोटं नव्हतं. पोरींनी रुमाल तोंडाला लावले, म्हाताऱ्यांनी पदर लावले, आणि तशीच ती गेली.

हे लिहायचं कारण असं की मावशीला मरणाची भीती कधीच नव्हती, पण एका गोष्टीची मोठी धास्ती होती. कुठल्याही मयतीवरून आली की ती म्हणायची, "समद्यांसाठी म्या बोलले. माझ्या येळंला कोन बोलंल गं? ह्या पोरी रुमालात रडत्यात. रुमालातून काय कळतंय?" त्या दिवशी ज्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या त्यांना वाटलं असेल, बिचारीची धास्ती खरी झाली. तसं झालं नाही. ते का, हे मला सांगायचं आहे, आणि तोंडानं सांगणं मला जमत नाही.

आमचं गाव दिंद्रुडपासून चालत जाण्याइतकं जवळ. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा सोजरमावशीच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी मातीची भिंत होती. ती भिंत आजही तेवढीच आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेरच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती, पुढच्या शाळेला ओढा ओलांडून जावं लागायचं, आणि मुलीला ओढ्यापलीकडे कोण पाठवतं. वाचायची आवड मात्र राहिली. किराणा सामानाच्या पुड्याचा कागदसुद्धा मी उलगडून वाचायचे. बोलणं तेवढं जमायचं नाही. चार बायकांत कुणी "काय गं मंगल?" असं नुसतं विचारलं तरी माझी मान खाली. मावशी याच्या अगदी उलट. अक्षराची ओळख नाही, पण तोंडाला कुलूप नाही. कपाळावर रुपयाएवढं गोंदण, कमरेला सुपारीची चंची, हातात अडकित्ता. कुणाचंही ऐकताना ती सुपारी कातरत बसायची. कट्... कट्... कट्... बोलणारा सरपंच असो की सासरहून रडत आलेली पोरगी, अडकित्ता चालूच. पण एखादं बोलणं तिच्या काळजाला लागलं की अडकित्ता उघडाच राहायचा, मधली सुपारी तशीच. हे तिला स्वतःला माहीत होतं की नाही, देव जाणे. मला मात्र ते लवकर कळलं.

माझी आई गेली तेव्हा मी माहेरी गेले आणि तोंडातून शब्द न काढता परत आले. भाऊबंदांच्या बायका म्हणाल्या, पोरीला दगडाचं काळीज आहे. परत आल्यावर एका दुपारी फडताळातली जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर आईबद्दल लिहायला बसले. वही आणा म्हणायची लाज वाटली, आणि पत्रिका काय, दर उन्हाळ्यात ढीगभर येतात. मावशीनं भिंतीवरून बघितलं.

"काय लिव्हतीस गं?"

"काही नाही... आईचं."

"वाच."

मी कुणापुढं वाचलं नव्हतं. शाळेतसुद्धा माझा नंबर आला की बाई पुढच्या मुलीला उठवायच्या. पण ती भिंतीला टेकून उभी राहिली, चंची सोडली, आणि जायचं नाव घेईना. मी वाचलं. माझी आई फार प्रेमळ व कष्टाळू होती, तिनं आम्हाला लहानाचं मोठं केलं, तिचे उपकार फिटणार नाहीत, असं ते होतं. अडकित्ता एका लयीत चालू. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बरं हाय. पर ही कुनाचीबी आई हाय. तुझी कुठंय?" मला राग आला. मावशीचा मला आलेला तो पहिला राग. मी म्हटलं, "म्हणजे कसं लिहायचं?" तर म्हणाली, "मला काय इचारतीस, मी काय तिला बघितलंय? सांग मला, तुझ्याकडं येऊन ती माघारी जायला निघायची तवा काय करायची?" मला आधी काहीच आठवेना. मग आठवलं. आई निरोप घेऊन निघायची, वळणापर्यंत जायची, आणि परत यायची. काहीतरी विसरलं म्हणून. विसरलेलं काहीच नसायचं. दारात उभी राहून म्हणायची, "कडी नीट लावत जा," आणि पुन्हा निघायची. दर वेळी... हे सांगता सांगता मला रडू फुटलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा. आणि ते ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की आवाज थांबलाय. अडकित्ता उघडा, सुपारी मधे. "हे लिही," मावशी म्हणाली. "ती उपकारफिपकार खोड."

तेव्हापासून मी लिहीत गेले आणि तिला वाचून दाखवत गेले. कुणी गेलं, की ती मयतीला जाऊन बोलून रडायची आणि मी घरी पत्रिकेच्या पाठीवर लिहायचे. दोघींचं काम एकच होतं, असं ती म्हणायची. फक्त तिचं वाऱ्यावर जायचं आणि माझं फडताळात. ती एखाद्या घरी जायच्या आधी पाण्यावर, गिरणीत, जिथं मिळेल तिथं विचारत जायची. काल काय खाल्लं होतं म्हातारीनं? शेवटी कुणाला हाक मारली? कुठल्या कुशीवर झोपायचा? मी म्हणायचे, मावशी, किती चौकशा. ती म्हणायची, "रिकाम्या हातानं कसं जावं? तिथं जाऊन 'लई गुनाचा व्हता' म्हनायला मी कशाला पायजे? मेल्यावर माझी सासूबी गुनाची झालती." आमच्याकडे पेपर एक दिवस उशिरा येतो. त्याच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लेख असतात, ते मी तिला वाचून दाखवायचे. त्यात सगळेच मनमिळाऊ असायचे. मावशी एकदा म्हणाली, "आमच्या गावातली भांडखोर मान्सं मरतच न्हाईत व्हय गं? का त्यांचं कुनी लिव्हतच न्हाई?"

एक खोड सांगावी, असं तिचं म्हणणं होतं. गेलेल्याची एक खोड सांगितली की तो उठून बसतो, मग त्याचे दहा गुण लोक ऐकून घेतात. दुसरं म्हणजे परक्याच्या दारात आपलं रडू नये. एक बाई कुठंही मयतीला गेली की आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या नावानं सुरू व्हायची. मावशी तिला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुझं तुझ्या घरी रड की बाय, हितं ज्याचं हाय त्याला तर जागा दे." माझ्याही लिहिण्यात 'माझ्या डोळ्यांत पाणी आले' असं कुठं आलं की अडकित्ता जोरात वाजायचा. "तुझ्या डोळ्याचं कशाला? माझ्या डोळ्यात आलं म्हंजे झालं."

थोडक्यात कसं सांगावं ते मात्र मी एका वेगळ्या घरी शिकले. दिंद्रुडच्या बाजारात टरबूज-खरबूज विकणारे बाबूभाई वारले, तेव्हा मावशी मला सोबत घेऊन गेली. वाटेत म्हणाली, "त्यांच्यात मोठ्यानं रडत न्हाईत. आपन त्यांच्या घरी त्यांच्यावानी." मला वाटलं, ही आज काय करणार? आत भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या, बायका हलक्या आवाजात काही वाचत होत्या. वाचन थांबल्यावर मावशी भाभींच्या शेजारी सरकली आणि त्यांचा हात हातात घेऊन साध्या आवाजात एवढंच म्हणाली, "भाभी, कापल्यावर पांढरं निघालं तर तेच वरमायचे. जसं काय त्यांनीच आतून रंग चोरला." बस. भाभी हसल्या, आणि हसता हसता ओढणी तोंडावर घेऊन इतक्या रडल्या की शेजारच्या बाईनं त्यांना धरलं. येताना मी विचारलं, "अजून काही का नाही बोललीस?" मावशी म्हणाली, "कावून बोलू? दम असतानाच थांबावं. दम संपेपतूर बोललं की मान्सं आपल्याकडं बघाय लागत्यात, गेलेल्याकडं न्हाई."

एवढी जाणती बाई, पण तिचीही एकदा मोठी फजिती झाली. वरच्या आळीतल्या कौसाआजी कित्येक महिने अंथरुणाला खिळून होत्या. आज जातात की उद्या, असं सगळ्या गावाचं चाललेलं. मावशीनं त्यांच्यासाठी काय काय बोलायचं ते मनात जमवूनही ठेवलं होतं. एका सकाळी रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं, वरच्या आळीतली म्हातारी गेली म्हणून. मावशी पदर ओढून निघाली, मी मागं. दारातूनच तिनं सुरुवात केली. आमच्याकडे रडणारी बाई पदर डोळ्यांवर घेऊनच आत जाते, समोर कोण आहे ते बघायची रीत नाही. "अगं कौसाबाई, तुझ्या हरभऱ्याच्या हिरव्या ढाळ्यासाठी आता म्या कुनाशी भांडू गं... चोरून घेतलं तर शिव्या द्यायचीस आन् मागून वटीत घालायचीस गं..." आत बायका चुळबुळ करायला लागल्या. मी पदराच्या फटीतून बघितलं. खाली निजलेल्या होत्या त्या कौसाआजींच्या धडधाकट जाऊबाई. रात्रीतून अचानक गेल्या होत्या. आणि कौसाआजी कोपऱ्यातल्या बाजेवर उशीला टेकून बसलेल्या. बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "सोजरे, मी हाय अजून."

मयतीच्या घरात बायका पदराआड हसल्या. मावशीनं कसंबसं सावरलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस ती गावात तोंड चुकवत फिरत होती. मग एक दिवस कौसाआजींचं बोलावणं आलं. शिव्या खायच्या तयारीनं आम्ही गेलो. आजी म्हणाल्या, "माझं ते हरभऱ्याचं मधीच सोडलंस. फुडं काय व्हतं?" मावशी म्हणाली, "जाऊ द्या की आजी, चुकले म्या." आजी म्हणाल्या, "चुकली कशापायी? मेल्यावर मला कुठं ऐकू येनार हाय? बोल." आणि सोजरमावशी बाजेच्या कडेला बसली आणि भर दिवसा, जित्या माणसापुढं, हेल न काढता सगळं बोलली. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "ते तसं न्हाई, म्हस काळी नव्हती, भुरी व्हती." मावशीनं म्हैस भुरी केली आणि पुढं गेली. थोड्या दिवसांनी आजी खरंच गेल्या. तेव्हा मावशी तिथं जाऊन गप्प बसली. बायकांनी डिवचलं, आता का गं बोलत नाहीस? "तिला सांगून झालंय," मावशी म्हणाली.

गेल्या पावसाळ्यानंतर मावशी खंगत गेली. भाकरी दुधात कुस्करून सुद्धा जाईना. परळीचा थोरला मुलगा तिला घेऊन जायचं म्हणत होता, ती टाळत होती. "तिथं वाळत घातलेल्या लुगड्यावर इजेच्या कारखान्याची राख पडती," हे तिचं कारण. पण एका दुपारी तिनं भिंतीवरून हाक मारली नाही, मलाच निरोप पाठवून बोलावून घेतलं, तेव्हा मी समजले. ओट्यावर पाय पसरून बसली होती. म्हणाली, "मंगे, माझं लिही. कौसाबाईवानी मला बी ऐकू येत असताना पायजे."

मी म्हटलं, "मावशी, असं काय बोलतीस."

"कावून? तू काय बोलून रडनार हायस व्हय माझ्या मयतीला? तुझ्या तोंडून तर 'मीठ दे' निघत न्हाई. लिही आन् वाच. परळीची गाडी येईपतूर."

मुलगा पुढच्या आठवड्यात न्यायला येणार होता. मी पत्रिका काढल्या. पहिल्यांदा वाचलं ते, सोजरमावशी आमच्या गावाचा आधार होती... कट्, कट्, कट्. "ही कोन बाई म्हनायची? निवडनुकीला उभी हाय का?" दुसऱ्यांदा तिच्या कष्टांचं लिहिलं, तरुणपणी नवरा गेल्यावर दोन लेकरं कशी वाढवली ते. ते ऐकताना ती चक्क जांभई द्यायला लागली. "त्या येळंला समद्याच तसं वाढवायच्या." मला रडू यायचं बाकी होतं. वीस वर्षांच्या वर भिंतीपलीकडे राहिलेलं माणूस, आणि मला ते कागदावर धरता येईना. गाडीचा दिवस जवळ येत चालला. मग मी मावशीनंच सांगितलेलं करून बघितलं. तिची खोड काय? दुसऱ्याच्या चंचीतली सुपारी ती जाड कातरायची आणि स्वतःच्या चंचीतली बारीक, पाहुण्याला तर नखाएवढी. हे लिहिलं. ते ऐकून ती इतकी हसली की तिला खोकला लागला. "बगितलंस व्हय गं सटवे तू!" पण अडकित्ता पुन्हा चालू झाला. नुसत्या खोडीवर ती थांबणार नव्हती.

शेवटी गाडी यायच्या दिवशी सकाळी मी वाचायला बसले. तिचं गाठोडं दारात बांधून ठेवलेलं. शेवटच्या पत्रिकेवर मी कधीच कुणाला न सांगितलेलं एक लिहिलं होतं. मयतीवरून आली की सोजरमावशी आंघोळ करायची, ओल्या केसांनी कुणाशी न बोलता शेळीच्या दावणीपाशी जायची, आणि पिलू असलं तर त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घालून डोळे मिटून बसायची. पिलू नसलं तर शेळीच्याच. हात ऊबदार होईपर्यंत बसायची. मग उठून चूल पेटवायची... एवढं वाचलं आणि माझा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. ओट्यावर काही वाजत नव्हतं. मी मान वर केली. अडकित्ता उघडा, सुपारी मधे, आणि मावशी माझ्याकडे न बघता दावणीकडे बघत होती.

"हे तुला कवा दिसलं?"

"भिंतीवरून. नेहमीच दिसायचं."

"मला वाटायचं, कुनी बघत न्हाई." मग म्हणाली, "जित्तं काहीतरी हाताला लागाया पायजे बघ. न्हाईतर ते मढं हातातून जातच न्हाई."

मी पुढं काही वाचेना तेव्हा तिनं विचारलं, "थांबलीस?"

"हो."

"दम ऱ्हायलाय का अजून?"

"राहिलाय."

"मंग बरुबर थांबलीस."

गाडी आली. मुलानं गाठोडं ठेवलं. गाडीत बसता बसता तिनं चंची कमरेला खोचली, पण अडकित्ता माझ्या हातात दिला. "तिथं कोन बसतंय गं ऐकाय. ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ." गाडी वळणापर्यंत गेली आणि थांबली. मला वाटलं काही विसरलं, म्हणून मी धावत गेले. मावशीनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "कडी नीट लावत जा." माझ्या आईचं बोलणं. गाडी गेली.

म्हणून त्या दिवशी बायकांनी मला कोपरानं ढोसलं तरी मी मान हलवली. मावशी हसली असती आणि म्हणाली असती, हिचं मला सांगून झालंय.

अडकित्ता फडताळात पत्रिकांच्या शेजारी असतो. तिच्या दहाव्यानंतर मी पुन्हा लिहायला बसले, तर एक अडचण आली. पूर्वी आवाज थांबला की ओळ चांगली, हे कळायचं. आता कुठलीही ओळ वाचा, आवाज नाहीच. सगळ्याच ओळी चांगल्या कशा असतील? मग मी बाजारातून सुपारी मागवली. घरचे म्हणाले, "आपल्यात कोण खातं गं?" दुपारी ओट्यावर बसते, पत्रिका मांडीपाशी ठेवते, हळू आवाजात एकेक ओळ वाचते आणि सुपारी कातरत जाते. ज्या ओळीला हात आपोआप थांबतो ती ठेवते, बाकीच्या खोडते. वाटी भरून सुपारीचं खांड होतं, ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकते. मावशीसारखं नखाएवढं नाही, चांगलं जाड.

हे जे आता लिहिलं, तेही तसंच वाचून बघितलं. बराच वेळ हात चालू होता. दावणीपाशी आले आणि थांबला. भिंतीपलीकडची शेळी आता आमच्याकडेच असते, परवा व्याली, एक पिलू आहे. दम अजून राहिलाय माझा, म्हणून इथं थांबते... हात धुऊन दावणीकडे जाते.